श्रीमंगला टॉकीजमधलं राधेचं लग्न

कुंभकोणम्,
बुधवार दुपार (हे जेवून आडवे झाले आहेत, तेवढ्यात लिहून काढते)

तीर्थस्वरूप गिरिधरअण्णांच्या पायांशी धाकट्या पंकजेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. माझे गुडघे हल्ली खुर्चीत बसूनच नमस्कार करतात, आणि देवानंही ते चालवून घेतलं आहे.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची खुशाली तुमच्याकडून कळत नाही, ती सुष्मितेकडून कळते. सून म्हणून तुम्हांला ती लाभली हे तुमचं भाग्य, आणि तिच्याकडे माझा नंबर आहे हे माझं. साखर आटोक्यात आहे ना? पुण्याची हवा कोरडी, त्यात तुम्ही गरम पाणी पीत नाही, असंही कळलं. फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर “हं” आणि “बरं” एवढ्या दोन शब्दांत उरकता. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच “बरं” म्हणून खाली ठेवता येत नाही.

माझ्या मराठीला हसू नका. तुमचा उमेश म्हणतो, आत्या, तुझं मराठी बखरीत शोभेल. शोभू दे. आपल्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात येताना जेवढं बांधून आणलं तेवढ्यावरच आम्ही भागवतो आहोत. मध्ये तमिळ घालून पुरवून पुरवून वापरतो. तुमच्यासारखं दर वर्षी नवं घ्यायला इथे दुकान नाही.

आता मूळ गोष्ट. यंदा आपल्या भजनमंडळीचं राधाकल्याण होतं की राहतं अशी पाळी आली होती. (सुष्मिता वाचणार असेल तर तिच्यासाठी सांगते. दर वर्षी आम्ही राधा-कृष्णाचं लग्न लावतो, अगदी माणसांचं लावावं तसं. अर्धी मंडळी वधूपक्ष, अर्धी वरपक्ष. रुसवे-फुगवे, मंगळसूत्र, पंगत, काही सोडत नाही, आणि सगळ्यामधून अभंग.) आपलं नेहमीचं मंगल कार्यालय ठरलेलं होतं. आदल्या आठवड्यात तिथला मॅनेजर घरी आला, कॉफी प्याला, दुसऱ्यांदा मागून प्याला, आणि मग म्हणाला की हॉल एका सोनाराच्या मुलीच्या रिसेप्शनला दिला आहे. मी म्हटलं, अहो, आमचंही लग्नच आहे की. तर म्हणतो, “तुमचं दर वर्षीचं आहे, मामी. त्या मुलीचं एकदाच व्हायचं आहे.” कॉफी परत मागता येत नाही.

संध्याकाळी मंडळी आमच्याकडे जमली. मंडळी म्हणजे काय, तुम्ही पुण्याला गेल्यापासून सोफा पुरतो. गोदाकाकू आल्या (ऐंशी कधीच ओलांडली, कान तेवढे हव्या त्या वेळी ऐकतात), राधाकृष्णराव आले. हे आमचे निवृत्त गणिताचे मास्तर पूर्वी तुमच्यामागे पेटी वाजवायचे. आता पेटीही वाजवतात आणि पुढे गातातही, कारण दुसरं कोणी उरलं नाही. अभंग एका रागात उचलतात आणि दुसऱ्यात ठेवतात. मधलं अंतर त्यांनी कसं कापलं हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी सुचवलं की यंदा आमच्याच घरी टी.व्ही. बाजूला सरकवून लग्न लावू. गोदाकाकू म्हणाल्या, “यंदा टी.व्ही.पाशी, पुढल्या वर्षी फोनवर, आणि त्याच्या पुढल्या वर्षी मी नाही.” अण्णा, खरं सांगते, ही गोष्ट एकदा चुकली की पुन्हा जमत नाही, हे सोफ्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग काकूच म्हणाल्या, “श्रीमंगला रिकामं आहे की.”

आपलं श्रीमंगला टॉकीज! बाजाराच्या तोंडाशी, जिथे तुम्ही कॉलेजच्या वेळात “लायब्ररीत” जात होता. राधाकृष्णराव तर उभेच राहिले. सिनेमाच्या थेटरात देवाचं लग्न? काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “त्या पडद्यावर देवांची जेवढी लग्नं लागली तेवढी आपल्या देवळांत नाही लागली. मी स्वतः पाहिली आहेत. अक्षता घेऊन जात होते.” मास्तर बसले.

तुम्हांला इथली थेटरं ओळखू येणार नाहीत आता. आपल्या वेळी बाजारात संध्याकाळी चालायला जागा नसे. खेळ सुटला की मागून लोंढा यायचा आणि आपण न चालताच घरी पोचायचो. आता एक थेटर साड्यांचं दुकान झालं आहे. सरकत्या जिन्यानं बाल्कनीत जायचं आणि वर रेशीम. एकात मंगल कार्यालय. (तेच, कॉफीवालं.) एक पाडून यात्रेच्या बसगाड्यांना जागा केली आहे. तिकिटाची खिडकी तेवढी उभी आहे, तिच्यातून एक माणूस भजी विकतो, आणि लोक सवयीनं हात आत घालून उभे राहतात. श्रीमंगला उभं राहिलं, पण त्याचे हाल विचारू नका. बंद पडल्यावर त्यात खताची पोती होती, मग प्लास्टिकच्या खुर्च्यांचा सेल लागला, मग कोणी बाल्कनीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. मालकाचा नातू हरिकृष्ण (जवळच औषधांचं दुकान चालवतो, गोड माणूस) आता कंटाळून ते कोणा मोठ्या शोरूमवाल्याला देणार होता. ते पाडून काचेचं काहीतरी बांधणार होते. सही तेवढी राहिली होती.

त्याच्याकडे मी आणि काकू गेलो. मी फार आढेवेढे घेऊन विचारलं. तो आधी हसला, मग गल्ल्यावर मुलीला बसवून किल्ल्या घेऊन निघालाच. आत शिरलो तर खताचा वास, वटवाघळं, खुर्च्या सगळ्या भंगारात गेलेल्या, नुसती मोकळी फरशी. पण पडदा होता अण्णा, आणि पडद्यापुढचा तो मखमली झालरीचा पडदाही, जो वर जाताना आपण सगळे श्वास धरायचो! काकूंनी बायकांच्या दारानंच आत यायचा हट्ट धरला. ते दार गंजून बसलं होतं. हरिकृष्णानं लाथ मारून उघडलं. काकू आत आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पंखे तेव्हाही चालत नव्हते.” हरिकृष्ण म्हणाला, “घ्या मामी, भाडं काही नको. ह्या जागेत एकदा चांगलं काही झाल्याशिवाय ती मोडायला मलाच बरं वाटत नव्हतं. फक्त झालरीचा पडदा मी ओढणार.” दिला शब्द.

इथवर सगळं सुरळीत. पुढचा घोटाळा प्रेमापोटी झाला. हरिकृष्णाला हुरूप आला आणि त्यानं थेटराची पाटी रंगवणाऱ्या म्हाताऱ्या पेंटरला शोधून आणलं. त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं दर्शनी फळीवर पुरुषभर उंचीची राधा काढली, तिच्याहून उंच कृष्ण काढला, दोघांचे गाल गुलाबी केले, आणि हाताच्या सवयीनं खाली ठसठशीत लिहून टाकलं: “भव्य शुभारंभ! दररोज तीन खेळ!” आमचे हे बँकेत होते, त्यांना खोटं विधान सहन होत नाही. पेंटरला म्हणाले, हे पुसा. तो म्हणाला, “सार, शिडी परत गेली.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं की श्रीमंगला पुन्हा सुरू होतंय, आणि पहिला सिनेमा पौराणिक आहे.

रविवारी सकाळी आम्ही पूजेचं सामान घेऊन पोचलो तर दाराशी ही रांग! नाचियार्कोविलच्या बसनं आलेली माणसं, नवी लुगडी नेसलेल्या बायका, खांद्यावर पोरं. आमची मंडळी सोफ्यावर मावणारी, आणि समोर हा समुद्र. सिनेमा नाही म्हणून कळलं की आता ही माणसं आपल्याला आणि देवाला काय म्हणतील! खांद्यावर टॉवेल टाकलेल्या एका गृहस्थानं काकूंनाच गाठलं.

“पाट्टी, हीरो कोण आहे?” (सुष्मितेसाठी: पाट्टी म्हणजे आजी.)

“कृष्ण,” काकू म्हणाल्या.

“आणि हीरोईन?”

“राधा.”

“जोडी जुनी आहे. पण चालते,” असं तो बायकोला म्हणाला आणि कुटुंबासकट आत गेला. त्याच्यामागून सगळे गेले. कोणी परत फिरलं नाही, अण्णा! आत पडदा आहे, समोर समई आहे, पेटी-मृदंग वाजतोय, पंगत आहे असं कळतंय, आणि तिकीट नाही. माणसं फरशीवर मांडी घालून बसली, जशी काही रोजच बसतात. काही तरुण मुलं सरळ बाल्कनीत गेली आणि कठड्याला टेकून शिट्ट्या मारायला तयार राहिली.

पहिला कार्यक्रम समईभोवती फेर धरून नाचायचा. समई नाचियार्कोविलच्या एका भाविकानं दिलेली, माणसाएवढी, दोघांनी उचलावी लागते. आम्ही बायका-पुरुष फेर धरून गजर करत नाचू लागलो. आमच्या डोक्यातून एकच गोष्ट गेली होती. थेटराची फरशी उतरती असते! खुर्च्या होत्या तोवर ते कळत नसे. प्रत्येक फेरीला आम्ही वीतभर खाली सरकत होतो आणि डोळे मिटलेले असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मी डोळे उघडले तेव्हा आमचा फेर पडद्याच्या पायथ्याशी पोचला होता, समई वर मागे एकटीच तेवत उभी, आणि आम्ही सगळे अत्यंत भक्तिभावानं मृदंग वाजवणाऱ्याभोवती नाचत होतो. तोही घाबरून वाजवतच राहिला. बाल्कनीतून टाळ्या. आम्ही पुन्हा चढ चढून समईपाशी गेलो आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लोकच खालून हात लावून आम्हांला वर ढकलायला लागले. राधाकृष्णराव घामाघूम होऊन मला म्हणाले, “पंकजाबाई, कोन काढायला हवा होता.”

मग मुहूर्ताआधीचा अभंग आला. तुमचा. तो दर वर्षी तुम्हीच उचलायचात, आणि वहिनी पहिल्या ओळीला पदर सावरून बसायच्या. राधाकृष्णरावांनी तो उचलला. पहिली ओळ बरी गेली. दुसरीवर त्यांचा आवाज चिरकला, मग बसला, मग गेलाच. नाचून दमले होते बिचारे. पेटी चालू, पण गळा बंद. सगळं थेटर शांत झालं. त्यात गोदाकाकूंनी मोठ्यांदा विचारलं, “गिरिधर कुठे आहे?” जुनी माणसं मान वळवून दाराकडे बघायला लागली, अण्णा, जणू तुम्ही चप्पल काढून आत येतच आहात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग तुमचा आला होता, पण पाणी आलं हे खरं.

आणि मग कोण गायला लागलं असेल? हे! आमचे स्वामीनाथ, ज्यांना आरतीतही आम्ही फक्त टाळी वाजवू देतो. हे उभे राहिले, डोळे मिटले आणि असा काही सूर लावला की मृदंगवाल्यानं हात मागे घेतला. पण थांबेनात. एक ओळ, दुसरी ओळ. ह्यांचा आवाज झाकावा म्हणून मी गायला लागले. मला जोर कमी पडतो म्हणून काकू. मग जुन्या बायका, मग तो टॉवेलवाला. त्याला मराठीतला एक शब्द कळत नव्हता, पण शेवटचा गजर त्याला बरोबर पाठ होता. असं करता करता सगळं थेटर गायला लागलं. छपरावरची वटवाघळं उठून बाहेर गेली. लग्न झाल्यावर हे मला विचारतात, “मी कसा गायलो?” मी म्हटलं, तुमच्यामुळेच सगळे गायले. खोटं नाही काही त्यात.

त्याच गजरात हरिकृष्णानं दोरी ओढली. झालरीचा पडदा अडखळत वर गेला (मध्ये अडकला, त्यानं शिवी दिली, ती गजरात बुडाली) आणि मागे फुलांनी सजवलेले राधा-कृष्ण! बाल्कनीतून अशा शिट्ट्या, असे कागदाचे तुकडे उडाले की काय सांगू! आमच्या अक्षता त्यात दिसेनात. मंगळसूत्र बांधल्यावर “वन्स मोअर” असा ओरडा झाला. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दुसऱ्यांदा बांधता येत नाही हो, पण ओवाळा तरी. त्यांनी दुसऱ्यांदा ओवाळलं. राधाकृष्णराव, ज्यांना थेटराचं नावही नको होतं, घसा बसलेला असूनही दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत होते. नुसती हवा आली.

लग्नानंतर नारळ लोटायचा खेळ. वरपक्षानं लोटायचा, वधूपक्षानं परत लोटायचा. वरपक्ष वरच्या अंगाला बसलेला, आम्ही राधेकडचे खाली. त्यांनी नुसतं बोट लावलं की नारळ तोफेच्या गोळ्यासारखा यायचा. आम्ही जीव खाऊन लोटला की अर्ध्यावर जाऊन विचार करायचा आणि आमच्याकडे परत यायचा. हे राधेचे बाप झाले होते. तिसऱ्या नारळाला पाय वर घेऊन उडी मारली आणि म्हणाले, “मुलीकडच्यांनी नेहमी खालीच का बसायचं?” त्यावर बायकांनी जी टाळी दिली ती कृष्णालाही मिळाली नव्हती. पंगतीत तर रसम वाढलं की ते पानातून निघून शेजाऱ्याकडे जाई. शेवटी सगळ्यांनी भाताचे बांध घातले. वरचा माणूस वाढप्याला सांगे, मला नको, माझं खालच्यांना पोचतंच आहे. पोट धरून हसलो, अण्णा. वहिनी गेल्यापासून मी मंडळीत एवढी हसले नव्हते.

जाताना जो तो हरिकृष्णाला एकच विचारत होता, पुढचा खेळ कधी? तो म्हणे, खेळ नाही हो, हे भजन होतं. लोक म्हणत, हो, पण पुढचा कधी? टॉवेलवाला तर पाटीकडे बोट दाखवून भांडला की दररोज तीन लिहिलं आहे. हरिकृष्णानं रिकाम्या फरशीवर सांडलेले कागद स्वतः गोळा केले. मग मला म्हणाला, “मामी, महिन्यातला पहिला रविवार तुमचा. बाकीचे दिवस नाटकवाले, नाचाचा वर्ग, ज्याला हवं त्याला देईन. काचवाल्यांना नाही म्हणून सांगतो.” त्यानं खरंच सांगितलं. फरशी मात्र उतरतीच ठेवणार म्हणतो. लोकांना आवडली.

येत्या पहिल्या रविवारी रुक्मिणीकल्याण आहे. पुढे कोण गाणार हा प्रश्न आहेच, पण मी तुम्हांला अजिबात आग्रह करत नाही. तुमचा घसा, तुमचं मन, तुमचं वय. तुम्ही निवांत विचार करा आणि सवडीनं कळवा. घाई नाही. उमेशला आशीर्वाद, सुष्मितेला जास्त आशीर्वाद. लोभ आहेच, तो ह्या पत्रानं कमी न व्हावा.

तुमची धाकटी
पंकजा

ता. क. – पेंटर पुन्हा आला होता. त्यानं विचारलं, मुख्य गायक कोण? हरिकृष्णानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. फोटो तुमच्या लग्नातला दिला, दुसरा हाताशी नव्हता. पेंटरनं मिशा जरा वाढवल्या आहेत आणि गाल गुलाबी केले आहेत, तेवढं सांभाळून घ्या. तुमचं नाव पुकारत भोंग्याची रिक्षा पार पापनाशम् गावापर्यंत जाऊन आली आहे.

पुन्हा ता. क. – आमच्या कीर्तीनं, तुमच्या भाचीनं, चेन्नईत घर घेतलेलं नाही. ती अजून भाड्याच्याच घरात आहे आणि तिथे सुखी आहे. म्हणजे तुम्ही ज्या वास्तुशांतीला निघाला आहात ती नाही. चेन्नईहून कुंभकोणमची तिकिटं उमेशच्या खिशात आहेत. त्याला रागावू नका, कट सुष्मितेचा आणि माझा. हे पत्र तुम्हांला पुणं सुटल्यावरच द्यायचं असं तिला बजावलं होतं.

आणखी एक ता. क. – खिडकीबाहेर पाहून उपयोग नाही, गाडी सोलापूरपर्यंत आली असेल. डब्यात दशम्या आहेत, खाऊन घ्या. वर गरम पाणी प्या. आणि मग जरा आवाज लावून बघा. डब्यातली माणसं काही म्हणणार नाहीत. म्हणालीच तर त्यांनाही रविवारचं आमंत्रण द्या. जागा भरपूर आहे.